ज्याचे त्याने सांगावे

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. त्या अधिक महिन्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, इंदूरच्या एका रुग्णालयात माझ्या आईच्या छातीतल्या गाठीचा अहवाल आमच्या हाती आला. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. डॉक्टरांनी जे सांगायचे ते तिच्याशीच बोलून सांगितले, तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि घरी परतताना रिक्षात ती मला एवढेच म्हणाली, "हे इतक्यात कुणापाशी बोलू नकोस. अधिक महिना सरू दे. निज श्रावण लागला की मी देवासला जाईन आणि शालूला माझ्या तोंडानं सांगेन." शालू म्हणजे माझी मावशी, आईहून अकरा वर्षांनी लहान. आजी लवकर गेली, तेव्हा मावशीची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नातला रुखवत मांडण्यापर्यंत सगळे आईनेच केले; त्यामुळे ही बातमी तिला कोणत्या शब्दांत आणि कोणत्या वेळी सांगायची, याचा विचार आई त्या रिक्षातच करू लागली असावी.

तो विचार तिला पुरा करता आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला तो रडतच. कुणा अनोळखी माणसाने तिला फोन केला होता, आईचे पूर्ण नाव घेऊन 'तुमच्या रुग्णाची केमोथेरपी कधी सुरू होणार' असे विचारले होते आणि त्या दिवसांत अन्न जात नाही म्हणून घ्यायची एक पौष्टिक पावडर सवलतीत देऊ केली होती. मावशीला आधी वाटले की फोन चुकून लागला आहे. पण त्या माणसाकडे आईचे वय होते, डॉक्टरांचे नाव होते आणि गाठ कोणत्या बाजूला आहे हेही होते.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तपासणीच्या दिवशी मी महाविद्यालयात प्रवेशाच्या कामात अडकले होते आणि शेजारच्या काकू आईला घेऊन गेल्या होत्या. फॉर्म भरताना 'आणीबाणीच्या वेळी संपर्क' असा रकाना आला आणि आईने तिला पाठ असलेला एकच नंबर सांगितला. माझा नंबर मोबाईलमध्ये साठवलेला असल्यामुळे तो पाठ करण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मावशीचा मात्र तोंडपाठ होता. वेळप्रसंगी जीव वाचावा म्हणून फॉर्मवर ठेवलेला तो रकाना पावडर विकण्याच्या कामी आला.

आई त्या दिवशी चिडली नाही. दुपारी वाती वळता वळता म्हणाली, "आजाराचं काय, तो आज ना उद्या सगळ्यांना कळणारच होता. पण शालूला मी सांगायचं होतं." मी गेली कित्येक वर्षे राज्यशास्त्र शिकवते. घटनेतला जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारा एकविसावा अनुच्छेद आणि त्यावरचे निकाल मी वर्गात किती वेळा समजावून सांगितले असतील, याची गणती नाही. पण ज्याला आपण गोपनीयतेचा अधिकार म्हणतो त्याचा गाभा मला आईच्या त्या वाक्यात सापडला. गोपनीयता या शब्दात काहीतरी लपवल्याचा भास आहे, आणि म्हणूनच 'ज्याला लपवायचे काही नाही त्याने घाबरायचे कशाला' हा प्रश्न लोक इतक्या सहजपणे विचारतात. आईला काही लपवायचे नव्हते. तिला सांगायचे होते, आणि ते सांगण्याचा तिचा हक्क दुसऱ्याच कुणी वापरून टाकला होता.

योग असा की त्याच आठवड्यात दिल्लीत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ७ ऑगस्टला लोकसभेत आणि ९ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले, आणि ११ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी त्याचा मसुदा मोबाईलवर वाचत होते.

माझे वडील, नाना, तारघरात होते. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांच्या बातम्या घेतल्या आणि पुढे पाठवल्या: जन्म, मृत्यू, नेमणुका, मोडलेली लग्ने. तार कायदा १८८५ चा. मजकूर फोडणाऱ्या तार कर्मचाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. पण नाना त्या कलमाच्या धाकाने गप्प राहत होते असे मला कधी वाटले नाही. आम्ही तेव्हा रामबागेत एका वाड्यात राहत होतो. एका रात्री नाना कामावरून आले, जेवले नाहीत, आणि ओसरीवर बसून राहिले. आईने विचारले तर नुसतीच मान हलवली. सकाळी सहाच्या सुमारास तारवाला समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींच्या नावाची तार घेऊन आला. तार इंग्रजीत असे आणि ती वाचून घ्यायला वाड्यातले सगळे नानांकडेच येत, तशा त्याही आल्या. ग्वाल्हेरला त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. ती तार आदल्या रात्री नानांनीच उतरवून घेतली होती. त्यांनी कागद उलगडला, पहिल्यांदाच वाचावा तसा सावकाश वाचला आणि मग आजींना खाली बसायला सांगितले. आईने नंतर विचारले, "रात्रभर तुम्हांला ठाऊक होतं?" त्यावर ते म्हणाले, "ठाऊक होतं. पण तार त्यांच्या नावाची होती."

त्याच तार कायद्याच्या पाचव्या कलमात मात्र दुसरी एक वाट ठेवली होती. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर सरकारला कुणाचीही तार आणि पुढे कुणाचाही टेलिफोन अडवून त्यातला मजकूर पाहता येत असे. ही वाट कितपत रुंद असावी, हे ठरायला १९९६ साल उजाडले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग असल्याचे मान्य केले, फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवांनीच द्यावा असे ठरवले, त्याला दोन महिन्यांची मुदत घातली, ती वाढवली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये असे सांगितले आणि आढावा समिती नेमायला लावली. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र न्यायालयाने आवश्यक मानली नाही. ती उणीव मला आजही बोचते. सरकारनेच फोन ऐकायचे, आणि ऐकणे रास्त होते की नाही हेही सरकारी अधिकाऱ्यांनीच ठरवायचे, हा प्रकार नानांना पटला नसता. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ च्या डिसेंबरमध्ये संमत झाला, पण हा अधिकार त्यातही सरकारकडे कायम आहे.

आपल्याकडे खासगीपण कधी नव्हतेच, ती पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असे वर्गातली हुशार मुले दर वर्षी म्हणतात. मी त्यांना आमच्या वाड्याबद्दल सांगते. नळ एकच होता, जिना सामाईक होता आणि कुणाकडे आज कसली भाजी आहे ते फोडणीच्या वासावरून कळत असे. पण माजघराच्या उंबऱ्याशी येण्याआधी पुरुष खाकरत असत, दुसऱ्याच्या नावाचे पाकीट हाती पडले तर ते न उघडता त्याच्या फडताळावर ठेवले जात असे, आणि रात्री कुणाच्या खोलीतून रडणे ऐकू आले तर सकाळी कुणी त्याचा उल्लेख करत नसे. भिंती पातळ होत्या म्हणूनच या रीती इतक्या काटेकोरपणे पाळल्या जात होत्या. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात नागपूरच्या न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात गृह्यसूत्रांतल्या घरबांधणीच्या नियमांचा आणि मालकाच्या संमतीशिवाय परक्या घरात शिरण्याला मनाई करणाऱ्या अर्थशास्त्राचा दाखला दिला आहे. तो वाचताना मला त्या खाकरण्याची आठवण झाली.

आणि इंदुरात राहणाऱ्याला तर 'खासगी' या शब्दासाठी लांब जायचीही गरज नाही. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर लावून दिली, तिचे नावच खासगी. राज्याचा महसूल ती दौलत, आणि राणीच्या मालकीचे उत्पन्न ती खासगी. दोन्हींचे हिशेब वेगळे आणि खासगीवर दरबाराचा हात चालत नसे. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातले त्यांचे घाट, धर्मशाळा आणि देवळे तिच्यातूनच उभी राहिली. आज आपण 'खासगी' हा शब्द सरकारी नसलेल्या शाळेला आणि रुग्णालयाला लावतो आणि त्याचा जुना अर्थ विसरतो. या गावात त्या शब्दाचा अर्थ होता: असे काही, ज्याची मालक एक बाई आहे आणि ते कुठे खर्च करायचे हे तीच ठरवणार. अहिल्याबाईंनी ते दडवून ठेवले नाही. हिमालयापासून रामेश्वरापर्यंत उघड्या हाताने वाटले. मालकी त्यांची होती म्हणूनच त्यांना ते वाटता आले.

घटनेत खासगीपणाचा अधिकार शब्दाने का आला नाही, याचे उत्तर शोधताना मी आमच्याच पंचक्रोशीत येऊन पोहोचते, कारण डॉ. आंबेडकरांचा जन्म इंदूरशेजारच्या महूचा. मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेच्या समितीपुढे जो मसुदा ठेवला, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारे कलम होते. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही होते. अशाने गुन्ह्यांच्या तपासाला अडथळा येईल, अशी शंका बेनेगल राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी काढली आणि ही कलमे गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविरुद्धच्या संरक्षणाची दुरुस्ती पुन्हा मांडली, आंबेडकरांनी तिला अनुकूलता दाखवली, तरी ती अखेर घटनेत आली नाही. या गळलेल्या ओळीची किंमत पुढे चुकवावी लागली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की घटनाकारांनीच असा अधिकार लिहिला नाही, तर तो आम्ही बाहेरून कशाला आणावा.

त्यानंतर हा अधिकार ज्यांनी ओढत ओढत पुढे नेला, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो, कारण त्यांच्यातले बहुतेक प्रतिष्ठित नव्हते. खडक सिंग हा उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपात त्याला धरले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली, आणि वर्षानुवर्षे चौकीदार आणि शिपाई अपरात्री येऊन त्याचे दार ठोठावत, त्याला झोपेतून उठवत. १९६२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण बाकीची पाळत राहू दिली आणि खासगीपणाचा असा कोणताही मूलभूत हक्क नसल्याचेही सांगून टाकले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी न्यायमूर्ती शहा यांच्यासह भिन्न मत लिहिले. अशी आखीव ढवळाढवळ माणसाच्या सुखाला आणि प्रकृतीला जितकी घातक असते तितके दुसरे काही नसते, असा त्याचा आशय आहे. हे मत कायदा व्हायला पंचावन्न वर्षे लागली.

दुसरा माणूस आमच्याच प्रांतातला, गोविंद नावाचा. मध्य प्रदेश पोलिस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ या नियमांखाली त्याच्या घरावर पाळत होती, आणि आपल्यावरचे गुन्हे खोटे आहेत असे तो म्हणत होता. १९७५ च्या मार्चमध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. पण फेटाळताना न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी प्रथमच खासगीपणाचा हक्क घटनेत गृहीत धरता येतो असे मानून विचार केला, हे नियम घटनाबाह्यतेच्या कड्याशी धोकादायकरीत्या आले आहेत असा इशारा दिला आणि समाजाच्या सुरक्षिततेला खरोखर धोका असलेल्यांपुरतीच अशी पाळत ठेवावी, अशी मर्यादा घातली. गोविंद हरला, आणि त्याच्या हरलेल्या खटल्यावर पुढच्या चाळीस वर्षांतले किती तरी निकाल उभे राहिले. निकालानंतर तीन महिन्यांत देशात आणीबाणी आली, आणि १९७६ च्या एप्रिलमध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले की आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावताच येणार नाही. खडक सिंगचे दार पोलिस ठोठावू शकत होते; नागरिकाला मात्र न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोय उरली नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले.

फॉर्मातल्या रकान्यांविषयीचा पहिला मोठा निकाल मात्र एका नोकरदार स्त्रीमुळे झाला, आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. आयुर्विमा महामंडळात उमेदवारीवर लागलेल्या या स्त्रीने प्रसूतीची रजा घेतली, तेव्हा नोकरीच्या वेळी भरलेल्या फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली या कारणावरून तिला काढून टाकण्यात आले. त्या फॉर्ममध्ये मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, असे रकाने होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला कामावर परत घ्यायला लावले आणि हे रकाने फॉर्ममधून काढून टाकावेत असे सांगितले. कोणता रकाना मुळात असूच नये, हा प्रश्न त्या निकालाने विचारला. आमच्या बाबतीतला प्रश्न पुढचा होता: रकाना रास्त आहे, पण त्यात लिहिलेले कुठवर जावे?

तोवर मजकूर कागदावरून संगणकात गेला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि दोन वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या महान्यायवादींनी १९५४ आणि १९६२ च्या निकालांवर बोट ठेवून, भारतात खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही अशी भूमिका घेतली. मग नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने निर्णय दिला की खासगीपण हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. पाचशे सत्तेचाळीस पानांचा तो निकाल मी दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढला. त्यात जबलपूर खटल्याचा निकाल चूक ठरवला गेला. तो बहुमतात देणाऱ्या न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या मुलानेच, धनंजय चंद्रचूड यांनी, ते लिहिले. राज्याला आत शिरायचे असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. आणि खासगीपण हे श्रीमंतांचे चोचले आहेत, गरिबाला आधी अन्न हवे, हा युक्तिवाद न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नाकारला. खडक सिंग आणि गोविंद यांना हे त्यांच्या हयातीत ऐकायला मिळायला हवे होते. आधारचा निकाल २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लागला: योजना टिकली, पण बँकेचे खाते आणि मोबाईलचे सिमकार्ड यांच्याशी तिची सक्तीची जोडणी गेली.

राज्यापासून संरक्षण हा निम्मा भाग झाला. पावडर विकणाऱ्यांपासून संरक्षण मिळायला वेगळा कायदा लागणार होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या जुलैमध्ये मसुदा दिला, आणि त्यातली एक कल्पना मला मनापासून आवडली: आपली माहिती ज्याच्या हाती जाते तो तिचा मालक नव्हे, विश्वस्त. नाना आजींच्या तारेचे विश्वस्त होते, तसा. २०१९ मध्ये सरकारने जे विधेयक मांडले त्यावर सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींमुळे खुद्द न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनीच जाहीर टीका केली. ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतले गेले. वर्षभराने आला तो आजचा कायदा.

या कायद्यात मोलाचे असे पुष्कळ आहे. संमती मोकळी, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि ठरलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाईल. कायद्यातच उदाहरण आहे: दूरवैद्यक सेवेच्या अ‍ॅपने उपचारासोबत फोनमधली संपर्कयादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी तो होकार उपचारापुरताच समजायचा. हे उदाहरण वाचताना मला मावशीचा नंबर आठवला. संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे इंदूरच्या रुग्णालयात माझ्या आईला ती मराठीत मागता आली पाहिजे. आणि या कायद्यात नागरिकासाठी सगळीकडे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे, त्यात पुरुषही आले असे मानून. गौतमाबाईंच्या गावात राहणाऱ्या मला त्याचा आनंद झाला.

पण ज्या गोष्टी गेल्या त्यांचे दुःख जास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आजारपणाची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी जपली होती. नव्या कायद्यात असा वर्गच नाही. कॅन्सरचा अहवाल आणि बुटाचे माप यांना एकच माप लागते. जुन्या कायद्याच्या ४३अ कलमाखाली ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागता येत असे. नव्या कायद्याची मुख्य कलमे लागू होतील तेव्हा ते कलमही जाईल. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारच्या तिजोरीत जमा होईल, आणि ज्याचे खासगीपण गेले त्याच्या हाती काही येणार नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते, आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही तेच करणार आहे. शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले ८(१)(जे) हे कलम बदलले आणि 'वैयक्तिक माहिती' एवढ्या शब्दावर नकार देण्याची मोकळीक दिली. जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची दुसरी तरतूद अजून आहे, तरीही मला हे मान्य होत नाही: अधिकाऱ्याचा कारभार ही त्याची खासगी नव्हे, ती दौलत आहे, आणि दौलतीचा हिशेब मागण्याचा हक्क रयतेला असतो. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. माहिती अधिकारातला बदल लगेच अमलात आला, आणि नागरिकाला संरक्षण देणाऱ्या बहुतेक कलमांसाठी मात्र अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. हा क्रम उलटा असायला हवा होता.

मी त्या रुग्णालयात गेले होते. काउंटरवरच्या मुलीने आईने सही केलेला फॉर्म शांतपणे काढून दाखवला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, इंग्रजीत एक ओळ होती: रुग्णाची माहिती 'सहयोगी संस्थांना' सेवेसाठी देता येईल. खाली आईची देवनागरी सही, तिच्या वळणदार अक्षरात. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती मुलगी उद्धट नव्हती. तिने मला पाणी दिले आणि असे फॉर्म सगळीकडेच असतात असे सांगितले. एका वकील मित्राने जुन्या कायद्याखाली भोपाळला राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे दाद मागता येईल असे सुचवले. पण तोवर आईची केमोथेरपी सुरू व्हायची होती आणि माझ्याने दुसरी धावपळ झाली नाही. ती तक्रार मी करायला हवी होती.

अधिक महिना सोळा ऑगस्टला संपला. दोन दिवसांनी आईने इरकली नेसली, डबीत पुरणाच्या चार पोळ्या घातल्या आणि मला म्हणाली, "चल, देवासला जाऊन येऊ." मी म्हटले, "अगं, पण मावशीला तर कळलंय." तिने ऐकले नाही. मावशीकडे पोहोचल्यावर हातपाय धुऊन ती पलंगावर बसली, मावशीला जवळ बसवून घेतले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली: आंघोळ करताना गाठ कशी हाताला लागली, चार दिवस कशी अंगावर काढली, डॉक्टर काय म्हणाले, आता पुढे काय होणार. मावशीने तिला मध्ये एकदाही थांबवले नाही. ती आईचा हात हातात घेऊन ऐकत राहिली, आणि आजाराचे नाव आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि विचारले, "ताई, कधी कळलं गं तुला?"